छत्री मूळची रेणुकेची

आपल्या नियतकालिकाचे मागचे अंक ग्रंथालयात बसून चाळले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. पावसाशिवाय आपला एकही अंक निघालेला नाही. कुणाच्या कवितेत पहिली सर आली आहे, कुणाच्या कथेत नायक-नायिका चिंब भिजत आहेत, कुणाला मातीचा वास आला आहे, तर कुणाला खिडकीत बसल्याबसल्या जुने काहीतरी आठवले आहे. पण त्याच पावसात सगळ्यांच्या हातात असते ती छत्री मात्र कुणाच्या नजरेस पडलेली नाही. भिजण्यावर लिहिणारे पुष्कळ, न भिजण्यावर लिहिणारा एकही नाही! म्हणून यंदा छत्रीवर लिहायचे मी ठरवले. विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. "स्त्री-मुक्तीवर लिही, बेकारीवर लिही, छत्रीवर काय लिहिणार?" असे त्यांचे म्हणणे. छत्रीचा इतिहास धुंडाळू लागल्यावर मला वाटू लागले आहे, की स्त्री-मुक्ती काय, जात काय नि कष्टकऱ्यांचा प्रश्न काय, हे सारे त्या एका काळ्या कापडाखाली दाटीवाटीने उभे आहे. वाचकांनी शेवटपर्यंत सोबत करावी, एवढीच विनंती.

तसे पाहिले तर छत्रीइतकी अंगवळणी पडलेली वस्तू क्वचितच असेल. जूनच्या तोंडावर घराघरांत ती माळ्यावरून खाली येते. झटकायची, उघडून उजेडात धरायची, भोके मोजायची, गंजलेल्या खटक्याला तेलाचा थेंब सोडायचा, आणि मग यंदा कुणाची जुनी चालेल नि कुणाला नवी लागेल याचा निकाल लावायचा. पावसाळा आल्याची खरी वर्दी वेधशाळा देत नाही, बाजारात बसलेला छत्री दुरुस्त करणारा देतो. त्याच्यापुढे काड्यांचा ढीग, दोरा, पक्कड नि मोडक्या मुठी मांडलेल्या असतात. दिवसभर दुसऱ्यांच्या छत्र्या शिवणारा हा माणूस स्वतः मात्र कुठल्या तरी दुकानाच्या वळचणीला अंग चोरून बसलेला असतो.

छत्रीचे उपयोग तरी किती! म्हाताऱ्यांना ती काठी होते. कुत्रे अंगावर आले की शस्त्र होते. जांभळाची फांदी खाली ओढायची तर आकडी होते. खेड्यातली कर्ती माणसे ती सदऱ्याच्या कॉलरला पाठीमागे अडकवून दोन्ही हात मोकळे सोडून चालतात. सोयरीक जुळवणारा माणूस तर छत्रीशिवाय ओळखूच येत नाही. तरुण मंडळींची गोष्ट निराळी. १९५५ सालच्या 'श्री ४२०' या चित्रपटात राज कपूर आणि नर्गिस एका छत्रीखाली उभे राहिले, तेव्हापासून दोघांत एक छत्री असणे हा गरिबीचा नव्हे तर भाग्याचा प्रकार समजला जातो. आपल्या व्हरांड्यात छत्र्या निथळत ठेवलेल्या असतात, तेव्हा डोहातून नुकत्याच वर आलेल्या म्हशींचा कळप बसल्यासारखा वाटतो. त्यातून आपली नेमकी ओळखून काढणे ही एक परीक्षाच. म्हणून आमच्या लहानपणी छत्रीवर पांढऱ्या रंगाने नाव घालून घेत. आमच्या घराच्या दारावर नावाची पाटी कधीच नव्हती. आमच्या घराण्याचे नाव पहिल्यांदा रंगाने लिहिले गेले ते पाचवीत असताना माझ्या छत्रीवर.

आता थोडे इतिहासाकडे वळू. छत्री म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो, पण छत्रीचा जन्म पावसासाठी झालेला दिसत नाही. संस्कृतात तिला 'आतपत्र' असे एक नाव आहे. आतप म्हणजे ऊन, आणि उन्हापासून त्राण करते ते आतपत्र. इंग्रजांचा 'अंब्रेला' हा शब्दही ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ सावली असा आहे. म्हणजे पूर्वेकडे काय नि पश्चिमेकडे काय, छत्री आधी सावलीची वस्तू होती, पाऊस नंतर आला.

ही सावली पहिल्यांदा कुणासाठी निर्माण झाली, याची एक कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. जमदग्नी ऋषी ज्येष्ठाच्या उन्हात धनुर्विद्येचा खेळ मांडून बसले होते. ते बाण सोडीत, आणि रेणुका धावत जाऊन ते गोळा करून आणी. बाण सोडणारा एका जागी उभा होता, ऊन लागत होते ते धावणारीला. डोके तापले, पाय पोळले, तेव्हा ती क्षणभर एका झाडाच्या सावलीला थांबली. परत यायला उशीर झाला म्हणून ऋषी रागावले. तिने कारण सांगितले, तेव्हा त्यांनी सूर्यावरच बाण रोखला. सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने खाली आला, त्याने क्षमा मागितली आणि दोन वस्तू दिल्या. डोक्यासाठी छत्र आणि पायांसाठी पायताण.

आमच्या भागातून दरवर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माला माणसे जातात. यल्लम्मा म्हणजे रेणुका, असे सारेच मानतात. मराठवाड्यात माहूरगडावर तिचे मोठे ठाणे आहे. पण तिच्या नावाने ही कथा सांगताना परशुरामाने तिचे मस्तक उडवले तेवढेच आपल्याला सांगितले जाते. छत्रीची कथा मी कॉलेजात येईपर्यंत ऐकली नव्हती. मला ती फार मोलाची वाटते. पुराणकथा म्हणून ती खरी की खोटी हा प्रश्न सोडून द्या. कथा रचणाऱ्याने सावली देताना ती कुणा राजाला दिली नाही, तर उन्हात राबणाऱ्या, पाय पोळलेल्या एका बाईसाठी दिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे इतिहासात घडले ते मात्र उलटे. रेणुकेची छत्री राजाने नेली. आजच्या इराकात निनेवे येथे प्राचीन अ‍ॅसीरियाच्या राजांचे शिल्पपट सापडले. त्यांत राजाच्या मागे उभा राहून छत्र धरणारा सेवक कोरलेला आहे. आपल्याकडे छत्र आणि चामर ही राजचिन्हे झाली. राज्यत्याग केलेल्या बुद्धाच्या स्तूपावरही अनुयायांनी छत्र उभारले. कार्ल्याच्या लेण्यात स्तूपावरचे लाकडी छत्र दोन हजार वर्षांनंतर आजही पाहायला मिळते. जैन तीर्थंकरांच्या मूर्तीवर तीन छत्रे एकावर एक असतात. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि मस्तकावर छत्र धरले गेले, तेव्हा ते छत्रपती झाले. त्या काळी त्या छत्राचा अर्थ, आता आमच्यावर दुसऱ्या कुणाची सत्ता नाही, असा होता. पेशवाईत सरदारांना पालखी आणि आबदागीर यांचा मान मिळे. आबदागीर म्हणजे मूळचे 'आफताबगीर', सूर्याला अडवणारे. मान हुकमाने द्यायचा असतो, त्याअर्थी सावली हीसुद्धा सरकारातून मिळण्याची वस्तू झाली होती. एवढेच नव्हे, तर मेल्यावरही छत्री सुटत नव्हती. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांचे १७९४ साली निधन झाले, तिथल्या त्यांच्या समाधीला आपण 'शिंद्यांची छत्री' असेच म्हणतो.

या साऱ्या छत्रांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्या डोक्यावर ते असते त्याच्या हातात ते कधीच नसते. धरणारा दुसरा असतो, आणि तो स्वतः उन्हात असतो.

छत्री सामान्य माणसाच्या हातात कशी आली, ही हकीकत मोठी रंजक आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात छत्री ही बायकांची वस्तू मानली जाई. जोनास हॅनवे नावाचा एक व्यापारी इराणपर्यंत प्रवास करून आला होता. १७५० च्या सुमारास तो लंडनच्या रस्त्यावर स्वतःची छत्री स्वतः धरून फिरू लागला. लोक त्याला हसले. सर्वांत जास्त चिडले ते घोडागाडीवाले आणि खुर्चीवाहक, कारण पाऊस आला की गिऱ्हाइके त्यांच्याकडे धावत. माणूस आपली सावली आपणच घेऊन चालू लागला तर त्यांचे पोट कसे भरायचे? हॅनवेने सुमारे तीस वर्षे ही टिंगल सोसली, आणि १७८६ साली तो वारला तोवर पुरुषांच्या हातातली छत्री लंडनच्या अंगवळणी पडत चालली होती.

तरीही छत्री जडच होती. तिच्या काड्या देवमाशाच्या तोंडातील लवचिक हाडासारख्या पट्ट्यांच्या असत. ओल्या झाल्या की त्या वाकत, मोडत. १८५२ साली शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज येथे तारेचा कारखाना चालवणाऱ्या सॅम्युएल फॉक्सने पोलादाच्या काड्या काढल्या. त्याची युक्ती साधी होती. भरीव सळई न वापरता त्याने काडीला पन्हळीचा आकार दिला. पन्हळ आतून पोकळ असते म्हणून हलकी, आणि तिच्या कडा उभ्या असतात म्हणून सहज वाकत नाही. आजही आपली छत्री उघडून काडीवरून बोट फिरवले तर ही पन्हळ हाताला लागते. छत्री हलकी झाली, स्वस्त झाली, कारखान्यात हजारोंनी निघू लागली. १९२८ साली बर्लिनच्या हान्स हाउप्ट याने दांडा एकात एक सरकवून ती पिशवीत मावेल एवढी केली. आपल्या देशात केरळातील आलप्पुळा हे गाव छत्र्यांसाठीच प्रसिद्ध झाले. राजाची वस्तू अशी बाजारात आली आणि आज ती दोन-तीनशे रुपयांत मिळते. २०१४ साली हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांनी लोकशाहीसाठी आंदोलन केले. पोलिसांचा मिरीचा फवारा आणि अश्रुधूर त्यांनी साध्या छत्र्यांनी अडवला, आणि त्या आंदोलनाला छत्रीचेच नाव पडले. एके काळी सिंहासनावर मिरवलेली वस्तू सरकारपुढे उभ्या राहिलेल्या पोरांच्या हातात आली, यापेक्षा मोठे स्थित्यंतर कोणते?

पण यंत्राने वस्तू स्वस्त झाली म्हणून ती सर्वांना मिळाली, असे समजण्याचे कारण नाही. किंमत हा एक अडसर, रिवाज हा दुसरा, आणि दुसरा पहिल्यापेक्षा चिवट. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर संस्थानात नाडार आणि त्यांच्यासारख्या खालच्या मानलेल्या जातींना छत्री धरण्याची आणि पायताण घालण्याची बंदी होती. आणि केरळचा पाऊस तो! आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. माझी आजी तिच्या लहानपणची गोष्ट सांगते. तिच्या गावात वाड्यावरून जाताना आमच्या माणसांना वहाणा हातात घ्याव्या लागत आणि छत्री मिटून काखेत. मी विचारले, "आणि पाऊस असला तर?" आजी म्हणाली, "पाऊस काय वाडा बघून थांबतोय व्हय? तरी छत्री मिटायचीच."

पुण्याचेही उदाहरण देण्यासारखे आहे. मराठीतल्या आद्य स्त्री-कादंबरीकारांपैकी एक काशीबाई कानिटकर आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, या दोघींविषयी स्त्रियांच्या इतिहासाच्या पुस्तकांत एक हकीकत येते. पायांत बूट घालून आणि हातात छत्री घेऊन त्या रस्त्याने चालल्या, म्हणून लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले. पुढे याच काशीबाईंनी १८८९ साली आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. लंडनमध्ये पुरुष छत्री घेऊन निघाला तर लोक हसले, कारण ती बायकांची वस्तू. पुण्यात बाई छत्री घेऊन निघाली तर लोकांनी दगड मारले, कारण ती पुरुषांची वस्तू! छत्री तीच, कापड तेच. मग ती पुरुषाची की बाईची हे कोण ठरवते? आणि पुरुषाच्या वाट्याला टिंगल नि बाईच्या वाट्याला दगड, हा फरक तरी कुणी ठरवला?

बूट आणि छत्री. वहाणा आणि छत्री. आता रेणुकेची कथा पुन्हा आठवून पाहा. सूर्याने बाईसाठी दिलेल्या नेमक्या त्याच दोन वस्तू. श्राद्धकर्मात या दोन वस्तू दान देण्याची चाल आहे. अनुशासनपर्वातली कथा मुळात त्या दानाचे कारण सांगण्यासाठीच आली आहे. दान म्हणून ज्या वस्तूंचे पुण्य गायचे, त्याच वस्तू बाईने किंवा कष्टकरी जातीने वापरल्या तर पाप ठरवायचे, हा आपला हिशेब. रेणुकेच्या डोक्यावरचे छत्र आणि पायातले पायताण तिच्याच लेकींनी वापरले तर आपण दगड उचलले. मला वाटते, आपल्या समाजाची परीक्षा घ्यायला दुसरे पुस्तक नको, एवढी छत्री पुरे.

आता कुणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आज कुणीही छत्री घ्यावी, कुणीही उघडावी. मी स्वतः मुलगी असून एस.टी. स्टँडपासून कॉलेजपर्यंत छत्री धरून येते, माझ्यावर कोणी दगड फेकत नाही. हे खरे आहे, आणि ज्यांनी दगड खाल्ले त्यांचे ते ऋण आहे. पण म्हणून रेणुकेची छत्री रेणुकेला परत मिळाली का? या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या शिवारात सापडले.

आमचे गाव गगनबावड्याच्या बाजूला, मुलखाच्या पावसाचे. आषाढात भाताची रोप लावण सुरू होते. बाया चिखलात ओणव्या होतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने रोप खोवत मागे मागे सरकायचे. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाठीवर पाऊस. या बायांच्या डोक्यावर छत्री नसते, इरले असते. बांबूच्या कामट्यांची जाळी विणायची, आत पळसाची पाने दाबून बसवायची, आणि कासवाच्या पाठीसारखे ते डोक्यापासून कमरेपर्यंत पांघरायचे. आता इरली विणणारे हात कमी झाले, म्हणून प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन कमरेला बांधतात. त्याखाली घामाने अंग शिजते. पुरुषमाणसे घोंगड्याची खोळ घेतात.

आमच्या घरात पूर्वी एकच छत्री होती. ती आबा तालुक्याला, बाजाराला किंवा सोयऱ्यांकडे जाताना नेत. आता आईलाही एक आहे, ती बाजाराला नेते. पण शेतात कधी नाही. लहान असताना मी तिला विचारले होते, "आई, तू शेतात छत्री का नेत नाहीस?" ती हसून म्हणाली, "एका हातानं रोप लागत न्हाई बाळा." त्या वेळी मला ते उत्तर साधे वाटले. आज वाटते, छत्रीच्या इतिहासावर यापेक्षा मोठे वाक्य कुणी बोलले नसेल. छत्रीला एक हात लागतो. ज्याला एक हात रिकामा ठेवणे परवडते, त्याचीच छत्री. म्हणून ती आधी मास्तरांच्या हातात दिसली, वकिलांच्या, कारकुनांच्या, तलाठ्याच्या हातात दिसली. पांढरपेशा माणूस दुरून ओळखायचा तो छत्रीवरून. माझ्या हातात छत्री आली, कारण माझ्या दुसऱ्या हातात खुरपे नव्हते, वह्या होत्या. आमच्या घरातला रिकामा झालेला हा पहिला हात. तो रिकामा राहावा म्हणून आईचे दोन्ही हात चिखलात आहेत, हे मला रोज छत्री उघडताना आठवले नाही तर मी शिकून काय केले?

या ठिकाणी मला जे म्हणायचे आहे ते नीट सांगते. राजाच्या हातात छत्र नव्हते आणि राबणाऱ्या बाईच्या हातातही छत्री असू शकत नाही. दोघांनाही ती दुसऱ्या कुणी धरावी लागते. फरक इतकाच, की राजासाठी धरणारा माणूस समाजाने हजारो वर्षे पगार देऊन नेमला, आणि राबणारणीसाठी तो कधीच नेमला नाही. ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले आहेत त्याची छत्री धरणे हे बाकीच्यांचे काम आहे. ही दया नव्हे. त्याच्या दोन हातांवर आपण जेवतो, त्याची ही फेड आहे.

उन्हाच्या दिवसांत तर हे अधिकच खरे. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका मोठ्या सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानावर भर दुपारी बसली होती. त्यांतील दहाहून अधिक जण उष्माघाताने दगावले. मंचावर छप्पर होते, मैदानावर नव्हते. इतक्या शतकांनंतरही छत्र कुणाच्या डोक्यावर धरायचे हा आपला हिशेब फारसा बदललेला दिसत नाही. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा कामाच्या जागी पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली असावी असे त्यात लिहिले होते. सावली हा मजुराचा हक्क आहे असे कायद्याने म्हणणे ही केवढी मोठी गोष्ट! पण आमच्या आईने ज्या ज्या कामावर माती उचलली, तिथे कागदावरची ती सावली जमिनीवर पडलेली तिने पाहिली नाही. बाया लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून बाभळीच्या विरळ सावलीत भाकरी खात.

उपाय नाही असे नाही. बाजारात पाहा. चांभार, भाजीवाली, फुलांचे हार ओवणारी, यांचेही दोन्ही हात कामात असतात. त्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. मोठी छत्री दगडात किंवा डब्यात रोवायची आणि तिच्याखाली काम करायचे. हातात धरण्याची छत्री ही बाबू लोकांची, रोवण्याची छत्री ही कामकऱ्यांची. आपण इतकी वर्षे पहिलीच सुधारत बसलो. ती घडीची केली, बटण दाबताच उघडणारी केली, रंगीत केली. दुसरीचा विचार मात्र चांभाराने आणि भाजीवालीने एकट्याने केला.

आम्ही कोल्हापूर भागातली माणसे. आमच्या इथल्या एका छत्रपतींनी छत्राचा अर्थच पालटून टाकला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. डोक्यावरचे छत्र काढून त्यांनी ते इतरांवर धरले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. माझ्यासारखी घराण्यातली पहिली मुलगी आज या अंकात लिहिते आहे, ती त्याच छत्राच्या एका कोपऱ्यात उभी राहून.

आणि आता आपल्याविषयी. संस्कृतच्या बाईंनी तासाला सांगितले, की विद्यार्थी या अर्थाचा 'छात्र' हा शब्द पाणिनीने छत्र या शब्दावरूनच साधला आहे. पतंजलीने महाभाष्यात त्याचा खुलासा केला आहे, तो असा, की गुरू हेच छत्र. गुरूने शिष्याला छत्रीसारखे झाकावे आणि शिष्याने गुरूला छत्रीसारखे जपावे. नंतरच्या एका टीकाकाराने तर गुरूचे दोष झाकतो तो छात्र, असे म्हटले आहे. हे वाचून आमच्या प्राध्यापक मंडळींना समाधान वाटेल यात शंका नाही! थट्टा सोडली तर या शब्दात एक मोठी जबाबदारी आहे. आपण छात्र आहोत, म्हणजे छत्रीशी आपले जन्माचे नाते आहे. पण हे नाते गुरू आणि शिष्य या दोघांपुरतेच राहावे का? बाहेर तिसरे कुणी उन्हात उभे आहे, त्याचे काय?

म्हणून दोन सूचना करते. एक लहान, एक थोडी मोठी. लहान सूचना अशी, की दरवर्षी ग्रंथालयात नि वर्गात विसरलेल्या छत्र्या शिपाईकाका एका कोपऱ्यात गोळा करून ठेवतात. धनी न आलेल्या छत्र्या दुरुस्त करून घ्याव्यात आणि ग्रंथालयाच्या कार्डावर पुस्तकाप्रमाणे त्याही एका दिवसासाठी द्याव्यात. एस.टी.ने येणाऱ्या कितीतरी मुली अजून डोक्यावर वही धरून धावत येतात.

मोठी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेसाठी आहे. आपले हिवाळी शिबिर होते त्याच सुमारास आपल्या परिसरात उसाची तोड चालू असते. बीडकडून आलेल्या जोडप्यांची तान्ही पोरे फडाच्या बांधावर उन्हात निजवलेली असतात, कारण आईचे दोन्ही हात मोळी बांधण्यात असतात. या वर्षीच्या शिबिरात आपण चार बांबू, जाड कापड आणि एक टोकदार दांडा यांपासून रोवता येणारी मोठी छत्री तयार करावी. ती हलकी असावी, म्हणजे एका फडातून दुसऱ्या फडात नेता येईल. इरली विणणारे दोन-तीन म्हातारे आमच्या गावात अजून आहेत. बांबू कसा वळवायचा हे ते आपल्याला शिकवतील, मी त्यांना बोलावून आणीन. अशा दहा छत्र्या झाल्या तरी दहा फडांत दहा बाळे सावलीत निजतील. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन न झाले तरी चालेल.

ज्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना ही कल्पना पटेल, त्यांनी शिबिराच्या नोंदणीच्या वेळी मला भेटावे. ज्यांना पटणार नाही, त्यांनी निदान एक करावे. येत्या वैशाखात रस्त्याने जाताना आपल्या छत्रीच्या सावलीतून बाहेर पाहावे. खडी पसरणारी, डोक्यावर पाटी घेतलेली एखादी बाई दिसेल. तिच्या पायात काय आहे आणि डोक्यावर काय आहे, एवढे पाहावे. ती रेणुकाच आहे, आणि छत्री मूळची तिचीच आहे.

(द्वितीय वर्ष, कला)